चोरीला गेलेल्या गाडीवरचा हार

"रविवारी सकाळपर्यंत खोली मोकळी कर," सोसायटीच्या अध्यक्षांनी बन्सीला सांगितलं आणि ते जिना चढून गेले. बन्सी मान खाली घालून तसाच उभा राहिला. जिन्याच्या वळणावर दुधाची पिशवी घेऊन थबकलेल्या प्रतीक्षाने ते सगळं ऐकलं. आज गुरुवार होता. म्हणजे मध्ये उरले दोनच दिवस.

बन्सी त्यांच्या इमारतीचा वॉचमन. तो जाणार म्हणजे त्याची मुलगी चिमीही जाणार. आणि चिमी गेली की या चार मजली इमारतीत प्रतीक्षाशी बोलायला कुणी म्हणजे कुणी उरणार नव्हतं.

हे वाचायला सोपं वाटतं. पण दिवाळीच्या सुट्टीत बोईसरला राहून पाहिलं की त्याचा अर्थ कळतो. इथली निम्मी माणसं कारखान्यांसाठी आलेली, कुणी जळगावहून, कुणी नांदेडहून. सुट्टी लागली की सगळी गावाला पळतात. वीस दारांपैकी सोळा दारांना कुलपं होती. प्रतीक्षाची आई मावशीच्या बाळंतपणासाठी मिरजेला गेली होती. बाबांच्या प्लँटमध्ये यंत्रं बंद ठेवून करायचं शटडाऊनचं काम निघालेलं, त्यामुळे त्यांना रजा नाही. ते रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि जेवून झोपायचे. टीव्ही लावायचा तर आवाज बंद करून. काल प्रतीक्षाने, दिवसभरात आपण किती वाक्यं बोललो, ते मोजलं. चिमीला वगळलं तर नऊ भरली. त्यातली चार दूधवाल्याशी.

तेरा वर्षांच्या मुलीला एकटं वाटतं, हे मोठ्या माणसांच्या डोक्यात येतच नाही. अभ्यास आहे, मोबाइल आहे, आणखी काय हवं, असा त्यांचा हिशेब असतो.

प्रतीक्षा तशीच खाली उतरली. जिन्याखालच्या खोलीत चिमी पत्र्याच्या पेटीत कपडे भरत होती. चिमी अकरा वर्षांची. तिची आई विक्रमगडच्या वर डोंगरात, भाताच्या एवढ्याशा तुकड्यावर राबायची, आणि चिमी शाळेसाठी बापाजवळ राहायची.

"बा बोलतो, भात कापाया तसं पन माणूस लागतंच," चिमी म्हणाली. 

"आणि शाळा?"

"तिकडं लांब हाय." चिमीने फ्रॉकची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

या सगळ्याचं मूळ होतं निमेशकाकांची पांढरी गाडी. तिसऱ्या मजल्यावरचे निमेशकाका कारखान्यांना मजूर पुरवायचे. दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यांची गाडी रात्री पार्किंगमधून चोरीला गेली. निदान त्यांनी पोलिसांत आणि विमा कंपनीत तसं लिहून दिलं. वॉचमन झोपला होता, असंही सांगितलं. बन्सीचं म्हणणं वेगळं होतं. त्या रात्री काकांनीच त्याला डोकेदुखीची गोळी आणायला स्टेशनजवळच्या दुकानात पाठवलं होतं. परत येऊन पाहतो तर गाडी जागेवर नाही. त्याला वाटलं, काकाच घेऊन गेले असतील. काका म्हणाले, मी कुणाला कुठेही पाठवलेलं नाही. आता तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं खरं मानायचं की जिन्याखालच्या, हे सोसायटीने पाच मिनिटांत ठरवून टाकलं.

प्रतीक्षाला मात्र एक गोष्ट खटकत होती. गाडी गेली त्या संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे गॅलरीत बसली होती. निमेशकाकांनी गाडीतला छोटा गणपती काढला, रुमालात गुंडाळला, मग छत्री, उशी, मागच्या सीटवरची चादर, सगळं घेऊन ते वर गेले. त्याच रात्री गाडी चोरीला जाणार आहे हे माहीत असल्यासारखं.

विमा कंपनीने चौकशीला पाठवलेल्या स्वाती मॅडमना तिने परवा हे सांगितलंही होतं. धुळीने भरलेल्या स्कूटरवरून आलेल्या त्या बाईंनी तिला मध्येच तोडलं नाही, हेच विशेष.

"गाडी धुवायची होती म्हणून काढलं, असं ते सांगतील," मॅडम म्हणाल्या होत्या. "गाडीच्या दोन्ही किल्ल्याही त्यांनी कंपनीला नियमाप्रमाणे जमा केल्यात. मला पुरावा लागतो, तारीख लागते. पण तू नीट पाहतेस. हे माझं कार्ड ठेव."

ते कार्ड प्रतीक्षाच्या कंपासपेटीत होतं.

तेवढ्यात फाटकातून शीळ ऐकू आली. दुसऱ्या मजल्यावरचा दर्पण! तो सुट्टीत पालघरजवळच्या माहीमला आजीकडे गेला होता आणि विसरलेली बॅट न्यायला एकटाच एसटीने आला होता. प्रतीक्षाच्याच वर्गातला, आणि वर्गात सर्वांत जास्त बडबड करणारा.

"काय हे, एवढी शांतता?" तो म्हणाला. "पेपर चालू आहे का इथे?"

"चिमी चालली कायमची," प्रतीक्षाने सांगितलं आणि तिचा आवाज नको तिथे कापला.

दर्पणची शीळ थांबली. सगळं ऐकून घेऊन तो पायरीवर बसला. समजूत कशी घालायची हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो आपलंच रडगाणं सांगू लागला. "माहीमला तरी कुठे मजा आहे? रत्नाआजीच्या शेडला कुलूप आणि आमचे स्टंप आत. रत्नाआजी म्हणजे निमेशकाकांची आई. आमच्या शेजारचीच वाडी तिची. इतकी वर्षं शेड उघडी असायची. दसऱ्यापासून बघावं तेव्हा कुलूप. आणि दसऱ्याला गेलो होतो तेव्हा मात्र बोलावून पेढा दिला, गाडीची पूजा केली म्हणून."

"कुठली गाडी?" प्रतीक्षाने विचारलं.

"निमेशकाकांची स्कूटर असेल. आजीकडे कुठून येणार गाडी?"

चिमीने पेटीतून डोकं वर काढलं. "स्कूटरची पूजा हितंच झाली. हार मीच घातला."

दोघं तिच्याकडे पाहत राहिले.

दसऱ्याला इमारतीतल्या सगळ्या गाड्यांचे हार चिमी करायची. दोन झेंडू, मग कुरडूच्या फुलाचा एक तुरा, पुन्हा दोन झेंडू. कुरडूचे ते गुलाबी-पांढरे तुरे ती रेल्वेच्या कडेच्या माळावरून तोडून आणायची. तिच्या गावात तशी रीत होती. बोईसरच्या बाजारात असा हार शोधून मिळाला नसता.

"पांढऱ्या गाडीचा पन केलता मी," चिमी हळूच म्हणाली. "वाटलं, पोलिसांना घावंल गाडी. मंग खिळ्याला अडकवून ठेवला. काका बोलले, दे, आईच्या देवाला घालतो. आन घेऊन गेले."

दर्पण पायरीवरून उठला.

"माहीमची एसटी किती वाजता आहे?" प्रतीक्षाने विचारलं.

बाबा झोपले होते. तिने चिठ्ठी लिहिली, "दर्पणच्या आजीकडे माहीमला जाते. पोळ्या डब्यात आहेत." आईचा जुना मोबाइल घेतला आणि कंपासपेटीतलं कार्डही. चिमीने बापाला सांगितलं की पेरू खायला जाते. बन्सी म्हणाला, "जा बाय, खेळून घे." ते ऐकून प्रतीक्षाला त्या अध्यक्षांचा नव्याने राग आला.

पालघरला गाडी बदलून ते माहीमला पोहोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. उन्हात सुकत घातलेल्या मासळीचा वास, नारळांची सावली, दोन्ही बाजूंना कुंपणं आणि मधून वाळूची पायवाट. रत्नाआजींचं घर वाडीच्या मधोमध होतं आणि मागे पत्र्याची लांबट शेड. आजी ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या, हातात काही काम नव्हतं.

"कोण, दर्पण? आन या कोन पोरी? या, या गं, बसा." त्यांनी प्रतीक्षाचा हात धरला तो सोडलाच नाही. पाणी दिलं, पेरू दिले, मीठ-तिखट दिलं. कुठल्या झाडाला यंदा कीड लागली, विहिरीत कासव कसं पडलं, सगळं सांगितलं. मग एकदम थांबल्या. "लय बोलते ना मी? काय करू? निमेश येतो तेवढाच. चार-चार दिवस माणसाचा आवाज नाय घरात. परवा मांजराशी भांडले."

प्रतीक्षाला हसू यायला हवं होतं. पण तिला आपली कालची नऊ वाक्यं आठवली. ही आजीपण मोजत असेल का, असं तिला वाटलं. आणि आपण हिच्याकडे गप्पा मारायला आलेलो नाही, हे आठवून तिला त्या पेरूची चव लागेना.

आजी पान वाढायला आत गेल्या तसे तिघं शेडमागे पळाले. मागचा एक पत्रा खाली सुटलेला होता.

"आमचा बॉल इथूनच आत जातो," दर्पण म्हणाला. "मी मात्र जात नाही. मागच्या वर्षी अडकलो होतो."

"पेढे कमी खा," चिमी म्हणाली आणि सुळकन आत शिरली.

मागोमाग प्रतीक्षा. आत अंधूक उजेड होता. मधोमध निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी मोठं उभं होतं. प्रतीक्षाने ताडपत्रीचं एक टोक उचललं. पांढरी गाडी. नंबरप्लेट काढून टाकलेली. चिमी तोवर मागच्या दाराशी खाली बसली होती.

"हीच," ती म्हणाली. "डांबराचा डाग बग. रोज रॉकेलनं घासलाय मी, पन गेला नाय. वरती जाड, खाली शेपटी."

मग तिने पुढची बाजू उघडी केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि त्यावर वाळून तपकिरी झालेला हार. दोन झेंडू, कुरडूचा तुरा, दोन झेंडू. चिमीने त्याला हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

प्रतीक्षाने हाराचे, डागाचे, सगळ्याचे फोटो काढले. ती कार्डवरचा नंबर लावणार एवढ्यात वाडीत स्कूटर वाजली.

"काका!" पत्र्याच्या फटीतून दर्पण कुजबुजला. "बाहेर या, लवकर!"

शेडमागे नारळाच्या झावळ्यांचा ढीग होता. तिघं त्याच्यामागे पालथे पडले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. निमेशकाकांबरोबर तेलकट कपड्यांचा एक मेकॅनिक होता.

"किल्ली नाही, तेव्हा टेम्पोला दोर बांधून टोचन करूनच न्यायची," काका म्हणत होते. "चार वाजता टेम्पो येईल. एकदा हद्दीबाहेर गेली की गिऱ्हाईक बघेल. नुसते सुटे भाग काढले तरी खपतील."

"और ये हार? निकाल दूँ, सेठ?"

काका जरा थांबले. "नको, रहने दे. आईने घातलाय. रस्त्यात पडला तर पडला."

खोटी तक्रार लिहिताना ज्याचा हात थरथरला नाही, त्याला आईने पूजेत घातलेला हार काढवला नाही. माणसाचं काही सांगता येत नाही.

दोघं घरात जेवायला गेले. प्रतीक्षाने दर्पणच्या वाडीत जाऊन स्वाती मॅडमना फोन केला आणि फोटो पाठवले.

"प्रतीक्षा, नीट ऐक," मॅडम म्हणाल्या. "मी पोलिसांना घेऊन निघते. पण आम्हाला दोन तास तरी लागतील. तुम्ही परत त्या शेडमध्ये जायचं नाही. गाडीला हात लावायचा नाही. समजलं?"

घड्याळात सव्वादोन वाजले होते. टेम्पो चारला.

"म्हणजे टेम्पो आधी येणार," प्रतीक्षा म्हणाली. वळून पाहते तर चिमी आणि दर्पण दोघंही गायब.

दहा मिनिटांनी दोघं कुंपणातून परत आले. दर्पणच्या शर्टाला गंज लागला होता आणि एक बाही फाटली होती. म्हणजे तो या वर्षीही अडकला होता.

"मॅडमनी सांगितलं होतं, गाडीला हात लावायचा नाही," प्रतीक्षा म्हणाली.

"हात कुठे लावला? काडी लावली," दर्पण म्हणाला. "चारही व्हॉल्व्हना. सगळ्या चाकांची हवा गेली."

ती ओरडणार होती. पण तिला हसूच आलं. किती दिवसांनी ती मोठ्याने हसत होती, ते तिचं तिलाही आठवेना.

चारला टेम्पो आला. मग आरडाओरडा, मग मेकॅनिकची हवेच्या पंपासाठी धावाधाव. आधीच्या पंपाची नळी फाटकी निघाली. दुसरा पंप येईपर्यंत पोलिसांची जीप आणि मागोमाग स्वाती मॅडमची स्कूटर वाडीत शिरली होती.

निमेशकाका मोठे हुशार. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच ते दोन्ही हात पसरून पुढे आले. "साहेब, बरं झालं आलात! मी तुम्हालाच फोन लावत होतो. गाडी आत्ता सापडली मला. चोरांनी आमच्याच शेडमध्ये आणून ठेवलीय, काय म्हणायचं याला! आई म्हातारी, तिला मागचं कुठे दिसतं?"

"आणि टेम्पो?" हवालदाराने विचारलं.

"पोलीस ठाण्यात आणायलाच बोलावला."

हवालदार डोकं खाजवू लागला. ऐकायला सगळं नीट वाटत होतं. प्रतीक्षा पुढे झाली.

"चोरांनी हार का घातला?" तिने विचारलं.

"हार?"

"बॉनेटवर आहे तो. गाडी दसऱ्याच्या दोन दिवस आधी चोरीला गेली. हा हार चिमीने दसऱ्याच्या सकाळी केला आणि तुम्ही तो आईच्या देवासाठी म्हणून मागून घेतलात. मग तो चोरांकडे कसा गेला?"

"वॉचमन झोपला म्हणून गाडी गेली, त्याची पोरगी काहीही सांगेल," काका हसले. "झेंडूचा हार काय, कुणीही करतं."

"कुरडू घालून कोन नाय करत," चिमी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता.

स्वाती मॅडम ओसरीकडे पाहत होत्या. दाराच्या चौकटीला धरून रत्नाआजी उभ्या होत्या. त्या केव्हापासून ऐकत होत्या, कुणास ठाऊक.

"आई, तू आत जा," काका म्हणाले.

आजी आत गेल्या नाहीत. एक एक पायरी उतरून त्या शेडपाशी आल्या. वाळका हार त्यांनी पाहिला, मग चिमीला पाहिलं. दसऱ्याला फुलं गुंफून हिरवट पडलेली तिची बोटं आता स्वच्छ होती, तरी त्यांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"तू केलास?"

चिमीने होकारार्थी मान हलवली.

"हात चांगला हाय तुझा," आजी म्हणाल्या. मग हवालदाराकडे न पाहता, मुलाकडेही न पाहता बोलू लागल्या. "दसऱ्याच्या दुपारी मीच घातला तो हार. हा बोलला, देवाला घाल. मी बोलले, देवाला रोजच हार असतो. दारात गाडी हाय आन दसऱ्याला बिनपूजेची कशी ठेवायची? गाडी त्याआधी दोन दिवस आनलेली, पहाटे. यानंच. बोलला, रंगवायला ठेवलीय, कुनाला सांगू नको. मी कोनाला सांगनार? माझ्याकडे येतो कोन?"

हवालदार वही काढून लिहू लागला.

"निमेश," आजी म्हणाल्या, "या पोरीच्या बापावर आळ घातलास तू."

पोलिसांच्या जीपमध्ये बसताना निमेशकाकांनी मागे पाहिलं नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. शुक्रवारी पोलीस इमारतीत येऊन बन्सीचा जबाब लिहून घेऊन गेले. या वेळी त्याला खुर्ची दिली होती. स्टेशनजवळच्या औषधवाल्यालाही ती रात्र आठवली. शनिवारी अध्यक्ष स्वतः जिन्याखालच्या खोलीशी आले आणि "गैरसमज झाला होता," असं तीन वेळा म्हणाले. स्वाती मॅडमनी प्रतीक्षाच्या बाबांना सांगितलं, "इतकी वर्षं हे काम करतेय, पण हार बघून तारीख काढायचं माझ्याही डोक्यात आलं नसतं." मग त्यांनी दर्पणला चाकांबद्दल चांगलं रागावून घेतलं आणि तिघांना एकेक पेन दिलं. दर्पण म्हणाला, पेनापेक्षा शर्ट चालला असता.

बाबा त्या दिवशी झोपले नाहीत. "मला उठवायचं होतंस," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "एरवीपण उठवत जा गं." प्रतीक्षाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

रविवारी सकाळी चिमी पेटी घेऊन निघाली, पण पेटी अर्धीच भरलेली होती. बन्सीला भातकापणीसाठी बारा दिवसांची रजा मिळाली होती. "तोंड लपवून जानार होतू, आता बोलून जातू," तो म्हणाला. चिमीने एसटीच्या खिडकीतून हात हलवला. शाळा सुरू व्हायच्या आत ती येणार होती. तरी एसटी वळून दिसेनाशी होईपर्यंत प्रतीक्षा तिथेच उभी राहिली. इमारतीत परत जावंसं तिला वाटेना.

"बाबा, आपण माहीमला जाऊया?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "त्या आजींना आवडेल का? आपल्यामुळेच..."

"माहीत नाही," प्रतीक्षा म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. मुलगा कोठडीत गेलेल्या आईकडे काय बोलायचं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

शेडचं दार आता सताड उघडं होतं. आत फक्त दर्पणचे स्टंप कोपऱ्यात उभे होते. आजी ओसरीवर त्याच जागी बसल्या होत्या, आजही हातात काही काम नव्हतं. बाबा कुंपणाशीच थांबले. प्रतीक्षा एकटी पुढे गेली आणि पायरीवर बसली. आजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ दोघी समोरच्या झाडांकडे पाहत राहिल्या. मांजर येऊन दोघींच्या मध्ये बसलं.

"पेरू खाशील?" शेवटी आजींनी विचारलं.

"हो," प्रतीक्षा म्हणाली. "आणि ते कासव विहिरीतून बाहेर कसं काढलं, ते त्या दिवशी राहिलं होतं सांगायचं."